जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ट्यूमर मार्करचे रिपोर्ट: कधी काढायचे, कसे वाचायचे

रिपोर्टवर सीईए (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा एक पदार्थ, म्हणजेच एक ट्यूमर मार्कर) ६.२ असा जाड ठशातला आकडा, शेजारी मर्यादा ५.०. एवढ्यावर घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. दुसऱ्या घरात आकडा २.१ येतो आणि 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून तीन महिन्यांनी करायचं सीटी स्कॅन पुढे ढकललं जातं. दोन्ही घरांत चूक एकच झाली: एकट्या आकड्यावर भरवसा ठेवला. मार्करचा आकडा तीन गोष्टींच्या शेजारी ठेवला तरच बोलतो. पेशंटचे स्वतःचे जुने आकडे, तपासणी कुठल्या यंत्रावर झाली, आणि रक्त दिलं त्या दिवसांत शरीरात दुसरं काय चाललं होतं. हे तिन्ही सांभाळणं घरच्यांच्या हातात आहे. डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, फाइल मात्र पेशंटबरोबरच फिरते. म्हणून ती नीट हवी.

कोणता मार्कर कशासाठी

जठराच्या कॅन्सरसाठी असा एकही मार्कर नाही जो फक्त त्याच कॅन्सरमध्ये वाढतो. वापरात आहेत ते बाहेरून घेतलेले. सीईए १९६५ मध्ये माँट्रियलमधल्या गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधला. सीए १९-९ सुद्धा आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवरूनच हाती लागला आणि आज मुख्यतः स्वादुपिंडासाठी ओळखला जातो. दोन्ही जठरातही कामाला येतात, पण मर्यादित.

सीईएची मर्यादा बहुतेक लॅब ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात, काही ठिकाणी विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांसाठी ३ च्या आसपास. सीए १९-९ ची मर्यादा ३७ युनिट, सीए ७२-४ ची बऱ्याच ठिकाणी ६.९ युनिट, सीए १२५ ची ३५ युनिट. शेवटचा मार्कर बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरचा म्हणून माहीत असतो. पण जठराचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर पसरला की तोही वाढतो, पुरुषांमध्येही. एएफपी हा यकृताच्या कॅन्सरचा मार्कर. जठराच्या थोड्याच गाठी तो तयार करतात, पण त्या गाठींना यकृतात जाण्याची खोड असते. म्हणून ऑपरेशनआधी तो वाढलेला सापडला असेल, तर पुढे यकृताकडे जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं.

सगळेच मार्कर सगळ्यांचे काढू नयेत. पाच तपासण्या मागितल्या की त्यातली एखादी निव्वळ योगायोगाने मर्यादेबाहेर निघण्याची शक्यता वाढते आणि त्या एकीच्या मागे स्कॅनवर स्कॅन होतात. ऑपरेशनआधी सीईए आणि सीए १९-९ काढावेत, शक्य असेल तर सीए ७२-४. पुढे फक्त तोच मार्कर चालू ठेवावा जो या पेशंटमध्ये वाढलेला होता. एकही वाढलेला नसेल तर सीईए आणि सीए १९-९ हे दोनच पुरेत.

आता सगळ्यात महत्त्वाची मर्यादा. ऑपरेशनआधी सीईए साधारण पाचातल्या एकाच पेशंटमध्ये वाढलेला असतो. सीए १९-९ आणि सीए ७२-४ शंभरातल्या तीसेक जणांत. म्हणजे गाठ पोटात असतानाही बहुतेकांचा रिपोर्ट नॉर्मल येतो. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांच्या शरीरात सीए १९-९ बनतच नाही, कारण त्यांच्या रक्तात लुईस नावाच्या रक्तगटाची घडण नसते. अशा माणसाचा सीए १९-९ सतत २ किंवा त्याहून कमी दिसेल, आजार कितीही असो. त्याच्यासाठी ही तपासणी पैसे वाया घालवणं आहे. पहिल्या दोन रिपोर्टांत आकडा यंत्राच्या तळालाच चिकटलेला दिसला तर डॉक्टरांना विचारून ती बंद करावी.

ऑपरेशनआधीचा आकडा हीच पायरी

पुढच्या पाच वर्षांच्या सगळ्या रिपोर्टांची तुलना या एका आकड्याशी होणार असते आणि नेमका तोच बहुतेक फाइलींमध्ये नसतो. बायोप्सीत कॅन्सर निघाला की त्याच आठवड्यात, केमो सुरू होण्याआधी, रक्त द्यावं. हल्ली पुढे गेलेल्या आजारात आधी चार वेळा केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार वेळा केमो अशी एफएलओटी पद्धत बरीच वापरतात. अशा पेशंटचा 'ऑपरेशनआधीचा' आकडा दोन वेळचा हवा: केमोच्या आधीचा आणि केमो संपून ऑपरेशनला जाण्याआधीचा. पहिला काढायचा राहिला तर केमोने मार्कर खाली आला होता की तो कधी वाढलाच नव्हता, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

त्या वेळी कावीळ असेल तर सीए १९-९ चा आकडा जमेस धरू नये. पित्ताची वाट अडली की हा मार्कर शेकड्यांत, कधी हजारांत जातो आणि बिलिरुबिन खाली आलं की आपोआप उतरतो. कावीळ उतरल्यावर पुन्हा काढावा आणि दोन्ही रिपोर्ट तारखेसह ठेवावेत.

हा आकडा आयुष्याबद्दल काय सांगतो

घरच्यांना खरं हेच विचारायचं असतं, म्हणून आडवळणाने न जाता सांगतो. ऑपरेशनआधी सीईए किंवा सीए १९-९ वाढलेला असलेल्या पेशंटांचा गट घेतला, तर त्यात आजार उलटण्याचं प्रमाण न वाढलेल्यांपेक्षा जास्त निघतं. हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. पण त्यातला मोठा भाग मार्करचा स्वतःचा नसून स्टेजचा असतो. गाठ जठराच्या भिंतीत जितकी खोल आणि कॅन्सर जितक्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये), तितका मार्कर वाढण्याचा संभव जास्त.

म्हणून आयुष्याचा अंदाज बांधायचा तर आधी ऑपरेशनमध्ये काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट उघडावा, मार्करचा नंतर. त्यात चार गोष्टी पाहाव्यात. गाठ कुठल्या थरापर्यंत गेली. किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत कॅन्सर निघाला. कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का. पेशींचा प्रकार कोणता. तपासलेल्या ग्रंथी निदान १६ असाव्यात. फक्त ७ तपासून सगळ्या कोऱ्या निघाल्या, तर त्या कोरेपणावर फारसं विसंबता येत नाही, कारण ज्या पाहिल्याच नाहीत त्यांत काय होतं ते कळलेलं नाही.

स्टेजप्रमाणे पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सध्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असं दिलं आहे: पहिली ए ९३.६ टक्के, पहिली बी ८८, दुसरी ए ८१.८, दुसरी बी ६८, तिसरी ए ५४, तिसरी बी ३६.१, तिसरी सी १७.९. हे आकडे २५ हजारांहून जास्त पेशंटांचे आहेत, पण त्यांतले बहुतेक जपान आणि कोरियातले, अनुभवी सर्जनच्या हातून ग्रंथींसकट पूर्ण ऑपरेशन झालेले आणि आधी केमो न घेतलेले. ज्यांनी आधी केमो घेतली त्यांच्या रिपोर्टवर स्टेजच्या आधी 'वाय' हे अक्षर असतं. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता आहे, वरचा लावू नये. आणि १७.९ टक्क्यांच्या गटातही शंभरातली अठरा माणसं पाच वर्षांनी हयात आहेत. समोर बसलेलं माणूस त्या अठरांत आहे की नाही, हे कुठलाही आकडा सांगत नाही.

मार्करची खरी भर पडते ती पुढच्या टप्प्यावर. आधी वाढलेला मार्कर ऑपरेशननंतर उतरून मर्यादेत आला, तर ती चांगली खूण. वाढलेलाच राहिला, तर शरीरात कुठेतरी आजार शिल्लक असण्याची शंका घ्यावी लागते आणि अशा पेशंटांचं पुढचं आयुष्य सरासरीने कमी निघतं. म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला रिपोर्ट अगदी वेळेवर हवा.

उतरता आकडा कसा तपासायचा

सीईए रक्तातून हळूहळू जातो. अर्धा व्हायला त्याला साधारण तीन ते सात दिवस लागतात. सावकाश बाजू धरून हिशेब करू. ऑपरेशनच्या दिवशी सीईए ४० असेल, तर आठवड्याने २०, दोन आठवड्यांनी १०, तीन आठवड्यांनी ५, चौथ्या आठवड्यात अडीच. तिथे तो पेशंटच्या नेहमीच्या पातळीवर थांबतो. शून्य होत नाही आणि व्हायलाही नको, कारण निरोगी शरीरही थोडा सीईए तयार करतं. टाके काढायला गेल्यावर दहाव्या दिवशी रक्त दिलं आणि १४ आकडा आला, तर घाबरण्यासारखं काही झालेलं नाही, फक्त घाई झाली आहे.

त्यामुळे पहिला रिपोर्ट चार ते सहा आठवड्यांनी काढावा, पण पुढची केमो सुरू होण्याच्या आधी. तारखा जुळत नसतील तर केमोच्या दिवशी सकाळी, सलाइन लावण्यापूर्वी रक्त द्यावं. ऑपरेशनच्या जागी गळती झाली असेल, ताप असेल, पोटात पू झाला असेल, तर सीए १९-९ आणि सीए १२५ दोन्ही फसवे होतात. सीए १२५ तर पोट उघडल्यानंतर नुसत्या जखमेनेही काही आठवडे चढा राहतो.

रक्त देताना

उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅबमध्ये 'फास्टिंग' सांगितलं तरी ते बरोबरच्या साखरेच्या तपासणीसाठी असतं. जठर काढलेल्या माणसाला सकाळी दहापर्यंत उपाशी ठेवणं त्रासाचं आहे, म्हणून हे ठासून विचारून घ्यावं. तूपतेलाचं भरपूर खाऊन लगेच मात्र जाऊ नये, रक्तातला पांढुरकेपणा मोजणीत अडथळा आणतो.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे डब्यावर ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. केमोने केस गेल्यावर बरेच जण या गोळ्या स्वतःहून सुरू करतात. काही यंत्रांत बायोटिनमुळे ट्यूमर मार्करचा आकडा खोटा कमी दिसतो. आजार असताना रिपोर्ट नॉर्मल येणं ही सगळ्यात वाईट चूक, म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसं सांगावं.

संधिवातातल्या गाऊटसाठी कोल्चिसिन चालू असेल, तर सीए ७२-४ मर्यादेच्या कितीतरी पट वर जाऊ शकतो. औषध थांबलं की उतरतो. हे माहीत नसल्यामुळे धडधाकट माणसाचे स्कॅन झालेले आहेत.

आणि लॅब. यावर थोडं थांबू, कारण इथेच सगळ्यात जास्त रिपोर्ट बिघडतात. सीए १९-९ चा एकच नमुना रोशच्या, ॲबटच्या आणि सीमेन्सच्या यंत्रावर लावला, तर तीन वेगळे आकडे येऊ शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाची अँटिबॉडी त्या रेणूला वेगळ्या तऱ्हेने पकडते. त्यामुळे लातूरच्या लॅबमधले २२ आणि मुंबईच्या लॅबमधले ४१ यांची वजाबाकी करता येत नाही. तालुक्याच्या गावी तर आणखी एक पेच असतो: समोरचं दुकान फक्त रक्त घेतं, तपासणी पुण्या-मुंबईत होते, आणि ते दुकान मधेच दुसऱ्या कंपनीशी करार करतं. पाटी तीच, यंत्र बदललेलं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत तपासणी कुठे झाली आणि कुठल्या पद्धतीने, सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए, असं छापलेलं असतं. दर वेळी ती ओळ वाचावी. लॅब बदलावीच लागली, तर एकदा एकाच दिवशी दोन्हीकडे रक्त द्यावं. एकदाचा खर्च होतो, पण जुन्या आणि नव्या आकड्यांमध्ये पूल तयार होतो.

एका कागदावर

रिपोर्टांचा गठ्ठा कुणी वाचत नाही. ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी काही मिनिटं मिळतात. आखीव वहीच्या एका पानावर पुढचे रकाने करा आणि प्रत्येक रिपोर्टनंतर एक ओळ भरा:

- तारीख, आणि ऑपरेशनपासून किती महिने
- सीईए, सीए १९-९ (आणि चालू असेल तो तिसरा)
- लॅब आणि पद्धत
- वजन, त्याच दिवशी, त्याच काट्यावर
- हिमोग्लोबिन, बिलिरुबिन
- त्या पंधरवड्यात काय झालं: ताप, कावीळ, केमोचा कितवा डोस, नवी गोळी

शेवटचा रकाना बहुतेकांना फालतू वाटतो. सहा महिन्यांनी तोच उपयोगी पडतो. 'सीए १९-९ ६८' याच्यापुढे 'पित्ताशयात खडा, ताप' असं लिहिलेलं असलं की अर्धं कोडं सुटलेलं असतं.

एकाच सुईत बाकीच्या तपासण्याही उरकाव्यात. जठर पूर्ण काढलेल्या माणसाच्या शरीरात बी-१२ शोषलं जात नाही, त्यामुळे इंजेक्शन जन्मभर लागतं. लोहही कमी पडतं. मार्करच्या काळजीत बी-१२ विसरलं जातं आणि दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतात.

किती वेळा

जपानमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या पेशंटांचे सीईए आणि सीए १९-९ पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी काढायची रीत आहे. पाश्चात्त्य देशांतल्या मार्गदर्शिका मार्करचा आग्रह धरत नाहीत. लक्षणं, तपासणी आणि गरजेप्रमाणे स्कॅन यांवर त्यांचा भर असतो. आपल्याकडे डॉक्टर दोन्ही बाजूंचे भेटतात आणि त्यामुळे घरचे गोंधळतात. 'त्यांनी लिहिलं, यांनी नाही लिहिलं' याचा अर्थ कुणीतरी हलगर्जी आहे असा नाही. मार्कर नेमाने काढल्याने पेशंट जास्त जगतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आजार उलटला तर तो काही आठवडे आधी कळतो, एवढं मात्र खरं: स्कॅनवर दिसण्याच्या साधारण दोन-तीन महिने आधी आकडा चढू लागल्याचं जपानी डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

आमचं मत असं: ऑपरेशनआधी मार्कर वाढलेला असेल आणि पेशंटची तब्येत पुढची केमो सोसण्यासारखी असेल, तर तीन महिन्यांची रीत पाळावी. आधी एकही मार्कर वाढलेला नसेल आणि स्टेज पहिली असेल, तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढला तरी काही बिघडत नाही. महिन्या-महिन्याला कुणीच काढू नये. त्यातून फक्त चिंता विकत घेतली जाते.

आकडा चढला तर

एकाच यंत्रावर एकाच माणसाचे दोन वेळचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. २० ते २५ टक्क्यांच्या आतला चढउतार निव्वळ मोजणीतला फरक समजावा. ३.१ चा ३.६ झाला, ही बातमी नाही. पुढच्या दोन ओळी पाहा. पहिला पेशंट: ५.६, ६.१, ५.४, ५.९. चारही आकडे मर्यादेच्या वर, पण रेघ सपाट. विडी ओढणारा, जुना दमेकरी किंवा थायरॉइड कमी असलेला माणूस वर्षानुवर्षं असा असू शकतो. दुसरा पेशंट: १.४, १.५, २.६, ४.४. चारही आकडे मर्यादेच्या आत, एकावरही खूण नाही, पण शेवटच्या दोन वेळी आकडा दर खेपेला पाऊणपट वाढला आहे. तातडीने डॉक्टरांना दाखवायचा आहे तो दुसरा कागद.

वाढ दिसली की पहिलं काम म्हणजे त्याच लॅबमध्ये दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. त्याच दिवशी नाही आणि तीन महिन्यांनीही नाही. मधल्या काळात दुसरी कारणं शोधावीत. जठराच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशयाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात, पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि त्यात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे या पेशंटांमध्ये सीए १९-९ चढला तर लिव्हर फंक्शन आणि पोटाची सोनोग्राफी आधी करावी. साखर फार वाढलेली असली तरी हा मार्कर थोडा वर जातो. सीए १२५ साठी क्षयरोग विसरून चालत नाही: पोटाच्या टीबीत पाणी होतं आणि हा मार्कर शेकड्यांत जातो, चित्र हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरसारखं दिसतं. पाळी चालू असलेल्या बाईचा सीए १२५ पाळीच्या दिवसांतही वाढतो.

केमो चालू असेल तर आणखी एक गोष्ट. नवी केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत सीईए काही पेशंटांत वर उसळतो आणि मग उतरतो. ऑक्झालिप्लॅटिन असलेल्या केमोत हे जास्त दिसतं. या काळातल्या एका चढत्या आकड्यावरून 'औषध लागू पडत नाही' असं ठरवून केमो बदलू नये.

दुसऱ्या खेपेलाही आकडा चढाच, आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर छाती, पोट आणि ओटीपोटाचं काँट्रास्टसह सीटी स्कॅन. त्याआधी मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. थोडं जठर शिल्लक असेल तर एंडोस्कोपीही. बाईच्या बाबतीत अंडाशयाकडे मुद्दाम पाहायला सांगावं, कारण जठराचा कॅन्सर तिथे जाऊन बसतो. अहवाल मागवताना मार्करचा कागद रेडिओलॉजिस्टला दाखवा. सीईए चढला असेल तर यकृत, सीए १२५ चढला असेल तर पोटाचं अस्तर, इकडे त्यांची नजर जास्त वेळ थांबते.

सीटी कोरं निघालं तर बरेच जण पेट-सीटी मागतात. इथे पॅथॉलॉजी रिपोर्ट पुन्हा उघडावा. 'सिग्नेट रिंग' किंवा 'डिफ्यूज' असा प्रकार लिहिलेला असेल, तर पेट स्कॅनसाठी टोचलेला साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ त्या पेशी फारसा घेत नाहीत आणि आजार असूनही स्कॅन काळोखा राहू शकतो. अस्तरावरचे मोहरीएवढे दाणे तर कुठल्याच स्कॅनला दिसत नाहीत. शंका दाट असेल तर दुर्बिणीतून पोटात पाहण्याची लॅप्रोस्कोपी हाच उपाय उरतो. नाहीतर सहा ते आठ आठवडे थांबून मार्कर आणि स्कॅन पुन्हा.

या थांबण्याच्या काळात 'निदान केमो तरी सुरू करा' असा आग्रह धरू नका. नुसत्या चढलेल्या मार्करवर केमो देत नाहीत. आजार कुठे आहे ते दिसल्याशिवाय औषध लागू पडतंय की नाही ते मोजता येत नाही, आणि वजन आधीच उतरलेल्या माणसाची ताकद विनाकारण खर्च होते. या वेळात करण्यासारखं एक काम आहे. ऑपरेशन झालेल्या ठिकाणाहून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, मिळतो का ते विचारा. आजार परतल्याचं नक्की झालं, तर एचईआर-२, पीडी-एल१ आणि एमएसआय या तपासण्या त्या ब्लॉकवर करता येतात आणि त्यांवरून पुढचं औषध ठरतं. एचईआर-२ वाढलेलं असेल तर केमोला ट्रॅस्टुझुमॅब हे औषध जोडता येतं. ब्लॉक शोधण्यात पंधरा-पंधरा दिवस जातात, ते आधीच गेलेले बरे.

एखाद्या वेळी आकडा पेशंटच्या तब्येतीशी अजिबात जुळत नाही: माणूस ठणठणीत, स्कॅन कोरं, आणि मार्कर तीनशे. रक्तातल्या काही अँटिबॉडी तपासणीच्या रसायनाला चिकटून खोटा आकडा देऊ शकतात. लॅबला नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगावं आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही तपासून घ्यावं. खरा मार्कर पातळ केल्यावर त्याच प्रमाणात उतरतो, खोटा तसा उतरत नाही.

आकडा नॉर्मल, पण

जठराचा कॅन्सर परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, आणि परतणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा मार्कर शेवटपर्यंत मर्यादेतच असतो. म्हणून वहीतला वजनाचा रकाना मार्करइतकाच महत्त्वाचा. ऑपरेशननंतर पहिले काही महिने वजन उतरतंच, मग ते एका जागी टेकतं. टेकलेलं वजन खाणं तेवढंच असताना पुन्हा उतरायला लागलं, पोट फुगू लागलं, पातळ खाल्लेलंही उलटायला लागलं, नाडा घट्ट आणि दंड बारीक अशी अवस्था दिसली, डोळे पिवळे झाले, मानेच्या डाव्या बाजूला हाडाच्या वर गाठ हाताला लागली, तर पुढच्या मार्करची वाट पाहू नका. रिपोर्ट नॉर्मल असला तरी दाखवा.

घरातल्या निरोगी माणसांसाठी 'कॅन्सर मार्कर पॅकेज' घेऊ नका. सुरुवातीच्या गाठीत मार्कर क्वचितच वाढतो, त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट खोटा धीर देतो आणि वाढलेला बहुतेक वेळा खोटी भीती. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी त्यापेक्षा एच. पायलोरी या जंतूची तपासणी करावी, सापडला तर औषधांचा कोर्स पूर्ण करावा. घराण्यात जठराचा कॅन्सर दोघातिघांना किंवा ऐन तरुण वयात झाला असेल, तर एंडोस्कोपी आणि जनुकीय सल्ला.

पाच वर्षं पूर्ण झाली की मार्कर काढणं बहुतेक ठिकाणी थांबवतात. बी-१२ आणि लोह थांबत नाही. थोडं जठर राखलं असेल तर त्या उरलेल्या भागात पुढे नवी गाठ होऊ शकते, आणि ती मार्करने नाही, एंडोस्कोपीनेच दिसते. त्या तपासणीची पुढची तारीख वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवा.